शालीची उलट बाजू

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय ठरवूनच टाकला होता. या वर्षी अंकात ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा विभाग करतोय, तुम्ही उरलेल्या लोकरीच्या शालींवर लिहा, सोपं लिहा, जमलं तर एखादा नमुनाही द्या. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यापासून कुरकुरते आहे. क्रोशा शिकवण्यात माझा जन्म गेला, पण कुणीही या विषयावर बोलायला आलं की ‘सोपं’ आणि ‘टाकाऊ’ बरोबर घेऊनच येतं. करवंटीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि त्यांच्या पंगतीला माझी शाल! लोकर काय शिळी होते? कपाटात वीस वर्षं पडून राहिलेला गुंडा, कसर लागली नसेल तर, काल आणलेल्या गुंड्याइतकाच विणण्याजोगा असतो.

नमुना मी देणार नाही. प्रत्येकीच्या पिशवीत वेगळं काहीतरी उरलेलं असतं, त्याला छापील नमुना पुरा पडत नाही. हिशेब मात्र देते.

आधी ही लोकर उरते कशी, ते. पुष्कळांना वाटतं, विणणारीच्या गबाळेपणामुळे उरते. खरं तर जी धोरणी असते तिच्याकडेच जास्त उरते. लोकर रंगवतात ती घाण्याघाण्याने, आणि एका घाण्याचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. स्वेटरला सहा गुंडे लागतील असं वाटलं तर जाणती बाई सात घेते. सहावा संपला, बाही अर्धी राहिली आणि पुन्हा तुळशीबाग गाठली, तर रंग तोच पण लॉट वेगळा हाती पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. घरी येऊन विणलं आणि उन्हात नेलं, की कोपराच्या वर वेगळा पट्टा दिसायला लागतो आणि तो उभ्या जन्मात लपत नाही. त्या भीतीपोटी घेतलेला सातवा गुंडा म्हणजे आपली उरलेली लोकर.

तिला क्रोशाच का, याचंही कारण आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. काम थांबलं तर सुयाही अडकून पडतात. क्रोशात सुईवर एकच अढा असतो. त्यात सेफ्टी पिन अडकवली की शाल सहा महिने पिशवीत पडली तरी बिघडत नाही. पुढचा गुंडा कधी उरेल ते कुठे ठाऊक असतं?

आता थोडं जड होईल. मराठी घरात जिला लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, ॲक्रिलिक असते. जुन्या बायका अजून कॅशमिलॉन म्हणतात. तिच्यात कमीपणा काही नाही, उलट तिला कसर लागत नाही आणि ती बाळांना टोचत नाही. पण एका शालीत दोन जातींची लोकर घालायची तर आपण काय घालतोय ते माहीत हवं, आणि पिशवीतल्या गुंड्यांच्या पट्ट्या केव्हाच हरवलेल्या असतात. तेव्हा बोटभर टोक कापून चिमट्यात धरायचं, खाली स्टीलची ताटली ठेवायची आणि पणतीच्या ज्योतीला लावायचं. मेंढीची लोकर चरचरते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. सुती दोरा कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक भुरकन पेटतं, वितळतं आणि गार झाल्यावर काळा कडक मणी उरतो. (सिंथेटिक साडी नेसून हा प्रयोग करू नये, हे मला प्रत्येक वर्गात सांगावं लागतं.)

एवढा खटाटोप धुण्यासाठी. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आटते. ॲक्रिलिक आटत नाही. मग शालीतला एक पट्टा आटतो, शेजारचा तसाच राहतो आणि कापड झालरीसारखं चुणतं. इस्त्रीचं नेमकं उलटं. लोकरीला ओलसर कापडावरून हलकी इस्त्री चालते, पण ॲक्रिलिकवर तापलेली इस्त्री दाबली की त्याचा जीव जातो; ते लुळं पडतं आणि पुन्हा उभारी धरत नाही. तेव्हा मिसळलीच असेल तर थंड पाणी, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही, टॉवेलवर पसरून वाळवायचं आणि इस्त्रीचं नावच काढायचं नाही.

शाल त्रिकोणी करावी. मानेपाशी मधोमध सुरुवात करायची आणि दोन्ही कडांना आणि मधल्या कण्यावर खांब वाढवत खाली यायचं. हा आकार उरलेल्या लोकरीसाठी सगळ्यात सोयीचा, पण त्यात एक गणित आहे आणि संपादकबाई, ते कापू नका. समजा, 80 ओळींची शाल आहे आणि तिला 320 ग्रॅम लोकर लागते. 40 ओळी झाल्या म्हणजे अर्धी लोकर संपली असणार, असं सगळ्या जणी धरून चालतात. 40 ओळींना लागते फक्त 80 ग्रॅम, पाव हिस्सा. अर्धी लोकर संपते ती 56-57 ओळींच्या सुमारास. पहिल्या 20 ओळींना मिळून जे 20 ग्रॅम पुरतात, तेवढ्यात शेवटच्या जेमतेम अडीच ओळी होतात. ओळ लांबत जाते, त्यामुळे लोकर ओळींच्या वर्गाच्या हिशेबाने खपते. वर्गात फळ्यावर हे मांडलं की मागच्या बाकावरून सुस्कारा येतो, ‘मॅडम, आम्ही गणितातून सुटायला इथे आलो.’

काट्यावर प्रत्येक गुंडा तोलायचा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. वजनाची चिठ्ठी गुंड्यात खोचायची आणि लहान गुंड्यांपासून सुरुवात करायची. दहा-दहा ग्रॅमची पिल्लं मानेपाशी संपवायची, मोठे गुंडे खालच्या घेरासाठी राखायचे. काठाच्या शेवटच्या चार ओळींनाच तीसेक ग्रॅम लागतात, तेवढं आधीच बाजूला काढायचं. पातळ लोकर असेल तर दोन पदर एकत्र घ्यायचे. सुई नेहमीपेक्षा जाड घ्यायची. जिथे स्वेटरला 4 मिलिमीटरची घेतो तिथे शालीला 5 किंवा साडेपाचची, नाहीतर शाल खांद्यावर पडत नाही, पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

आता गाठी. यावर मी फार बोलते असं माझ्या विद्यार्थिनी म्हणतात. बोलू दे.

दर दोन ओळींना रंग बदलला तर 80 ओळींत चाळीस रंग लागतात. प्रत्येक रंगाला एक सुरुवातीचं टोक, एक शेवटचं. ऐंशी टोकं झाली. वीतभर टोक सोडायचं, मोठ्या नाक्याच्या बोथट सुईत ओवायचं, त्याच रंगाच्या खांबांच्या पोटातून एका दिशेने न्यायचं, एक पदर सोडून उलट फिरवायचं, पुन्हा वळवायचं आणि मग कापायचं. दोनदा दिशा बदलली की टोक बाहेर येत नाही. एका टोकाला तीन मिनिटं धरली तर नुसती टोकं जिरवायला चार तास लागतात. शाल विणून झाल्यावर हे चार तास कुणालाच नको असतात. सिनेमा संपून दिवे लागल्यावर पुढचे चार तास खुर्च्या पुसायला कोण थांबेल?

म्हणून मग ती गाठ. व्हिडिओंमध्ये तिला जादूची गाठ म्हणतात. दोन टोकं समोरासमोर ठेवायची, पहिल्याची गाठ दुसऱ्याच्या धाग्याभोवती मारायची, दुसऱ्याची पहिल्याभोवती, आणि दोन्ही बाजूंनी ओढलं की गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. टोकं अगदी गाठीपाशी कापून टाकायची. असे सगळे तुकडे जोडून एकच मोठा गुंडा केला की पुढे डोकं चालवायची गरज नाही, जिथे रंग बदलेल तिथे बदलेल. मला मान्य आहे की ती दिसते बारीक. खरखरीत मेंढीच्या लोकरीत ती टिकतेही. पण ॲक्रिलिक गुळगुळीत असतं. शाल ओढली जाते, ताणली जाते, धुतली जाते, आणि एखादी गाठ कधीतरी सरकते. टोकं गाठीपाशी कापलेली असल्यामुळे पुन्हा जोडायला बोटाच्या पेराएवढाही धागा हातात नसतो. तिथे भोक पडतं आणि धुण्यागणिक वाढतं. शिवाय टणक गाठ मानेला टोचते. ज्यांना टोकं जिरवायचा फारच कंटाळा आहे त्यांनी मेंढीची लोकर वापरावी आणि दोन टोकांचे पदर उलगडून, एकमेकांवर ठेवून, पाण्याने ओले करून तळव्यात जोरात चोळावेत. मघाचे खवले इथे कामाला येतात, दोन धागे फेल्टसारखे एक होतात. ॲक्रिलिकवर हे चालत नाही, आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीवरही नाही, कारण तिचे खवलेच निकामी केलेले असतात.

हे सगळं इतक्या हट्टाने सांगण्यामागे गेल्या हिवाळ्यातली एक स्पर्धा आहे. एका महिला मंडळाच्या प्रदर्शनात मी परीक्षक होते. टेबलावर बऱ्याच शाली होत्या आणि त्यांतल्या एकीपाशी मी थांबलेच. हळदीच्या रंगाशेजारी जांभळा, मग मळकट राखाडी, शेवाळी हिरव्याचा रुंद पट्टा आणि त्यात मधेच कुंकवाच्या रंगाची एकच ओळ, तीही अर्ध्यावर संपलेली. ती अर्ध्यावर संपल्यामुळेच नजर तिथे अडकत होती. हे रंग मी वर्गात शेजारी बसवू दिले नसते. मग सवयीने मी शाल उलटली. गाठीच गाठी. जादूच्यासुद्धा नव्हेत, साध्या निरगाठी, आणि टोकं कात्रीने तुळतुळीत कापलेली. मी तिला दुसरा नंबर दिला. बक्षीस घेऊन झाल्यावर ती बाई माझ्याकडे आली. भांडायला नाही, खरोखर विचारायला. ‘मॅडम, शाल उलटी करून कोण पांघरतं हो?’

धुताना उलटते, असं मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं आणि तिचं समाधान झालं नाही. त्या गाठी दोन पावसाळे टिकणार नाहीत, त्यामुळे निकाल आजही मी तोच देईन. पण ज्या शालीला मी पहिला नंबर दिला तिचा रंग मला आठवत नाही, आणि कुंकवाची ती अर्धी ओळ मी घरी दोनदा विणून पाहिली. मला ती मुद्दाम अर्ध्यावर सोडल्यासारखी दिसते. तिची लोकर खरोखरच संपली होती.

रंगांबद्दल म्हणूनच जास्त लिहीत नाही. प्रत्येक दोन रंगांमध्ये एकच ठरलेला रंग, राखाडी किंवा मोतिया, घातला की काहीही कशाशीही जुळतं, एवढी युक्ती पुरे. तेवढ्यासाठी दोन नवे गुंडे आणावे लागतात आणि त्यांतला पाऊण उरतो.

पैशाचं बोलायला हवं. लोकर उरलेली, म्हणजे शाल फुकटात होत असणार, हा समज काही जात नाही. रोज दोन तास बसलं तर अशी शाल तीन आठवडे खाते. तिची किंमत सांगितली की समोरची म्हणते, ‘अगं बाई, एवढ्यात सोलापूरच्या चादरी येतील!’ येतीलच, त्या मागावर होतात. क्रोशाचं मशीन निघालेलं नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड मशीनवर निघतं, पण त्याची वीण वेगळी असते. तेव्हा मॉलमध्ये तीनशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला, तर तो कुठल्या तरी बाईने हाताने विणलाय, आणि तिला त्या तीनशेतले किती मिळाले असतील ते आपल्या मनाशी मोजावं. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिकडे क्रोशाची लेस नेली आणि पुढे ती परदेशात विकली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांवर 1982 साली पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारासाठी विणणाऱ्या त्या बायकांना सगळे गृहिणीच म्हणत होते. फावल्या वेळातलं काम, मग मजुरीही फावल्या वेळाचीच. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मजुरी किती वाढली ते बातमीत नव्हतं. आमच्याकडे तर सत्काराला शाल-श्रीफळ देताना शाल घाऊक दुकानातून डझनावर आणतात आणि सत्कारमूर्ती ती पुढच्या सत्काराला सरकवतात. हाताने विणलेली शाल कुणी कुणाला व्यासपीठावर दिलेली मी पाहिली नाही. बहुधा खांद्यावर टाकताना ती घड्या घातलेल्या शालीसारखी कडक दिसत नाही, फोटोत पडेल दिसते.

जाता जाता एक. असा लेख छापून आला की माझ्याकडे पिशव्या येतात. सासूबाई गेल्या, कपाट आवरलं, एवढी लोकर निघाली, तुम्ही काहीतरी करा. करीन, वर्गातल्या मुली शिकायला वापरतात आणि झालेल्या शाली आम्ही वृद्धाश्रमात देतो. पण सुती दोरा वेगळ्या पिशवीत बांधा. अर्धवट विणलेला स्वेटर असेल तर तो उसवून पाठवू नका. उसवायचा की नाही ते तुमच्या घरात आधी विचारा, मग पाठवा. कसर लागलेला गुंडा दिसायला धड दिसतो, पण ओढला की वीत-वीतभराचे तुकडे हातात येतात, तेव्हा चार हात ओढून बघा. आणि डांबरगोळ्या काढून घ्या. त्या वासाने मला दिवसभर शिंका येतात.