वळवाआधीची एक दुपार

2014 च्या मार्चमधली गारपीट सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. त्या दिवसांत मी पंढरपूर भागात एका द्राक्षबागेत होतो. जीव घुसमटवणारा उकाडा. तापलेली दमट हवा वर चढते, वर गारठा असतो, आणि ढग बघता बघता डोंगराएवढा होतो, हे मी कॉलेजात शिकलेलो. तरी पहिला कडकडाट होताच मीच कडुलिंबाखाली धावलो. साहेबामागे मजूर बायकाही आल्या!

म्हातारे बागाईतदार ओरडले, "सायेब, झाड सोडा, घरात चला!"

गारा थांबल्या तेव्हा घड मातीत होते. झाडावर वीज पडली नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मेळाव्यात फवारणीआधी मी हेच सांगतो : गडगडाट ऐकू आला की पक्कं घर गाठा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात जाऊ नका.