चाकूचं वय ठशावर ठरत नाही

घडीचा जुना चाकू हाती आला की आपण आधी पातं उघडतो आणि मुठीत शिरणाऱ्या त्याच्या बुडावर कंपनीचा ठसा शोधतो. ठसा जुना निघाला की चाकूही जुना, हे गृहीत धरूनच पुढचा सौदा होतो. मला ही रीत उलटी वाटते. घडीचा चाकू ही एकसंध वस्तू नव्हेच. पाती, पाठीची स्प्रिंग, आतल्या पितळी पट्ट्या, मुठीच्या दोन बाजू, टोकांचे धातूचे बोल्स्टर आणि हे सगळं धरून ठेवणारे खिळे, अशी ती जुळणी असते. खिळे काढले की सगळं सुटं होतं आणि पुन्हा जोडताही येतं. म्हणून माझं म्हणणं असं, की चाकूचं वय त्याच्या सर्वांत जुन्या भागावरून नव्हे, सर्वांत नव्या भागावरून धरावं. जुना भाग नव्या चाकूत शिरू शकतो. जो माल तेव्हा जगात नव्हताच, तो मात्र आधीच्या चाकूत असू शकत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ या कंपनीचे चाकू या बाबतीत फार बोलके आहेत. साधारण १९२० ते १९४० ‘केस टेस्टेड एक्सएक्स’, १९४० ते १९६४ ‘केस एक्सएक्स’, १९६५ ते १९६९ त्याच्या जोडीला ‘यू.एस.ए.’, असा त्यांच्या ठशांचा क्रम आहे. १९७० साली ठशाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक कमी होत १९७९ साली एकच उरला. इतकी स्वच्छ कालगणना क्वचितच कुठल्या कारखान्याने मागे ठेवली असेल. पण किमतीतला सगळा फरक चार अक्षरांवर येऊन ठेपला, की लबाडीही तिथेच होणार. भिंगाखाली ती पुष्कळदा पकडता येते. कारखान्यात ठसा मारला जाई तो पोलादाला पाणी देण्याआधी, ते मऊ असताना. त्यामुळे अक्षरांच्या भिंती उभ्या आणि कडा रेखीव उतरतात. आम्लाने कोरलेल्या अक्षरांच्या कडा विरलेल्या दिसतात, तळ खरबरीत असतो. खऱ्या जुन्या ठशाच्या खाचेत तेल, मळ आणि काळपट गंज मिळून घट्ट बसलेला असतो आणि भोवतालचं पोलादही तितकंच करडं पडलेलं असतं. तरी ही तपासणी अपुरीच. एखाद्या मोडक्या चाकूचं अस्सल पातं काढून दुसऱ्याच मुठीत बसवलं, तर ठसा शंभर टक्के खरा आणि चाकू खोटा. अशा वेळी ठशावर कितीही मोठं भिंग धरा, काही हाती लागत नाही.

मग मुठीकडे वळावं लागतं. केसच्या ‘६२५४’ या क्रमांकात ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ‘ट्रॅपर’ हा घाट. हा ६ पुढे हाडासारख्या दिसणाऱ्या डेलरिनच्या मुठींवरही चालू राहिला, त्यामुळे आकड्यावर विसंबता येत नाही. खऱ्या हाडात भिंगाखाली बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. जनावर जिवंत असताना रक्तवाहिन्यांनी करून ठेवलेल्या त्या वाटा असतात. डेलरिन या प्लास्टिकमध्ये त्यांचा मागमूस नसतो. डेलरिन बाजारात आलं १९६० च्या सुमारास. तेव्हा ‘टेस्टेड एक्सएक्स’ पात्याला डेलरिनची मूठ दिसली, तर तो चाकू त्या रूपात १९४० पूर्वीचा नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं. शेफील्डच्या चाकूंनाही हाच न्याय. हॅरी ब्रेअर्ली यांनी तिथे न गंजणारं पोलाद काढलं ते १९१३ मध्ये; पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल, तर शेजारी राणी व्हिक्टोरियाची मुद्रा असली तरी पातं त्यानंतरचंच. शिंगाच्या मुठीने तर जास्तच जपून वागायला लावावं. शेफील्डला सांबरशिंग आपल्याकडूनच जाई, आणि जुन्या सुरी-काट्यांच्या मुठींचं ते मुरलेलं शिंग उतरवून चाकूवर चढवता येतं. शिंग शंभर वर्षांचं असेलही. त्याने चाकू शंभर वर्षांचा होत नाही.

याच्या उलट बाजूने केलेला तर्क मात्र मला मान्य नाही. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून ज्या पात्यावर ‘इंग्लंड’ नाही ते १८९१ पूर्वीचं, असं सर्रास सांगितलं जातं. पण ती सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालावर होती. मुंबईच्या बाजारासाठी निघालेल्या किंवा खुद्द शेफील्डमध्ये विकल्या गेलेल्या चाकूला तिचं बंधन नव्हतं. एखादी खूण असणं हा पुरावा, नसणं हा नव्हे.

यावर जाणकार हरकत घेतात ती रास्त आहे. कारखाने उरलेले भाग टाकून देत नसत. केसच्याच काही अस्सल चाकूंत एका पात्यावर ‘एक्सएक्स’ आणि दुसऱ्यावर ‘एक्सएक्स यू.एस.ए.’ असे दोन ठसे सापडतात, कारण १९६५ च्या बदलावेळी आधीची पाती शिल्लक होती. मग भाग जुळले नाहीत म्हणून चाकू बनावट कसा ठरवायचा? ठरवू नयेच. पण अशा चाकूचं वयही त्याच्या नव्या पात्यावरूनच धरलं जातं, म्हणजे ही हरकत माझ्याच म्हणण्याला बळ देते. दुसरी हरकत जास्त अवघड आहे: नवा भाग फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतो, आणि सगळेच भाग जुने पण वेगवेगळ्या चाकूंतले असले तर? तिथे झीज बघावी. वर्षानुवर्षं साणेवर घासलेलं पातं अरुंद होतं, पण त्याचं बूड मूळ रुंदीचंच राहतं. असं पातं मिटल्यावर मुठीत बसतं त्यात आणि धडधाकट पाती बसतात त्यात फरक पडतो. झिजलेल्या पात्याला झिजलेली स्प्रिंग आणि हाताने गुळगुळीत झालेली मूठ हवी. हाडावरची नक्षी टोकदार, बोल्स्टरवर ओरखडा नाही आणि पातं मात्र अर्धं झिजलेलं, असं दिसलं की त्या भागांचा सहवास अलीकडचा. बोल्स्टरमधला खिळा त्याच धातूचा असतो आणि घासून सपाट केल्यावर सहसा दिसत नाही. तिथे बारीक वर्तुळ उमटलं असेल, तर कुणीतरी चाकू उघडला असण्याची शक्यता धरून चालावं.

उघडला म्हणजे फसवणूकच केली, असंही नाही. पातं तुटलं म्हणून कारागिराने दुसरं बसवलं, तर तो दुरुस्त केलेला चाकू आहे, आणि विकताना तसं सांगितलं तर त्यात कमीपणा कसला? मला खरा राग येतो तो चकाकी आणणाऱ्यांचा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पात्याची चमक वाढते आणि ठशाच्या कडा, करडा रंग, साणेच्या रेघा, म्हणजे ज्यावरून काही ठरवता आलं असतं ते सगळं, काही क्षणांत निघून जातं. तो चाकू अस्सल असला, तरी यापुढे ते सिद्ध करणं फार कठीण होतं. सांध्यात तेलाचा थेंब सोडावा, सुटा गंज मऊ कापडाने पुसावा आणि बाकी जसं आहे तसं राहू द्यावं.