लेकीची पसंती

लेकीला नोकरी लागली नि तिने गाडी घ्यायची ठरवली. हे म्हणाले, “स्कूटर घे, पुढे भाजीची पिशवी राहते.” पण तिच्या मनात भरली होती यामाहा आर-१५! इंजिन १५५ सीसीचे, हँडल खाली, सीट जमिनीपासून ३२ इंचांवर, मागची तर वीतभरच. दुकानात तिने आधी बसून पाहिले, पाय टेकले. मी म्हटले, “अगं, साडी नेसून मी कुठे बसू?”

“आई, मला हीच आवडलीय गं!”

मी गप्पच झाले. माझ्या लग्नातला शालूदेखील सासूबाईंनी पसंत केला होता. मला कुणी विचारलेच नाही. मग मीच यांना म्हटले, “घेऊ दे. हप्ते तीच भरणार आहे ना?”

परवा पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेट चढवून मागे बसले. कंबर अवघडली खरी, पण उतरावेसे वाटेना!