खंडाळ्याच्या मेनका

जळोची, ता. बारामती

चि. बाळी,

तुझ्या कथकच्या मंचप्रवेशाचं पत्र आलं आणि दादाचं तोंड उतरलं. "आपल्या घरातल्या पोरी स्टेजवर नाचत नाहीत," हे एकच पालुपद. म्हणून लीला रॉय यांच्याबद्दल लिहिते. त्याच्याशी वाद घालताना उपयोगी पडेल.

बाई १८९९च्या, बंगालमधल्या बारिसालच्या जमीनदार घराण्यातल्या. नवरा लष्करी डॉक्टर, साहिबसिंग सोखी. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पुढं पहिले भारतीय संचालक झाले ते. अशा घरातल्या बाईनं कथक शिकायला घेतलं, आणि तेही सभ्य लोक कथक म्हटलं की कोठ्याकडं बोट दाखवायचे त्या काळात. रशियन नर्तकी आना पाव्हलोवांनी हुरूप दिला. शिकवायला सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज. रंगमंचासाठी नाव घेतलं ते थेट मेनका! लाजायचं असतं तर एखादं सोवळं नाव घेतलं असतं की. त्यांचा संच युरोपभर फिरला, १९३६ साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत गाजला. मग आपल्याच जिल्ह्यात, खंडाळ्याला, त्यांनी 'नृत्यालयम' काढलं. कथक नर्तकी दमयंती जोशी त्यांच्याच घरात वाढल्या. १९४७ साली मेनका गेल्या, आणि त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटेंनी 'नृत्यभारती' सुरू केली. रोहिणीताईंनाही पुढं लच्छू महाराजांनी शिकवलं. तू शिकतेस ते याच वाटेनं आलंय.

एक मात्र मला टोचतं. मेनका नाचल्या ते धाडस ठरलं, कारण नाचल्या नसत्या तरी त्यांचं काही अडत नव्हतं. कोठ्यावरच्या ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला सांभाळली, त्यांच्या नाचाला धाडस कोण म्हणालं? उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांनी त्यांच्याविरुद्ध चळवळ उभारली. त्यांच्या मैफली मोडल्या, नाच तेवढा घरंदाज झाला. आपल्या तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर घे. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मधेच बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला निघाल्या, असं सांगतात. घराण्याची अब्रू पणाला लावायची चैन त्यांना कुठली? बोर्डावर उभं राहिलं तर फड चालणार.

आणि दादाला एवढं विचार, की जत्रेतल्या तमाशाची सुपारी कोणाच्या वाड्यातून जायची? पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कोणासाठी राखलेल्या असायच्या? चौफुल्याच्या तमाशा थिएटरांवरून जाताना त्याची मान अजून वळते, ते मी पाहिलंय. बघायला चालतं, पोरीनं केलेलं चालत नाही. मेनकांच्या माहेरी-सासरी याहून वेगळं काही बोललं गेलं असेल, असं मला नाही वाटत.

पत्रिकेत गुरुपरंपरा छापशील, तेव्हा महाराजांच्या नावांबरोबर कोठ्यावरच्या त्या बायकांसाठीही एक ओळ घाल. नावं सापडली नाहीत तरी घाल.

तारीख लवकर कळव. उसाला तोड आली तर दादा अडकेल, किंवा अडकल्याचं सांगेल. मी एसटीनं एकटी येईन.

तुझी,
आत्या