माणसे दोन, चूल बारा जणांची

बदलापूरहून जांभूळ फार दूर नाही. एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे हे नाव पुष्कळांच्या वाचनात आलेले असते. गाव मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर मी तेथे गेले, ती एका आजींच्या घरी. दर पावसाळ्यात त्यांची धाप वाढे आणि मी औषध वाढवी. स्वयंपाक कशावर होतो, हे मात्र मी कित्येक वर्षे विचारलेच नव्हते. आजींनी आयुष्यात विडी ओढलेली नाही; तरीही आजार सीओपीडीचा.

घरात गॅस होता. चहा, भाजी त्यावर. तांदळाची भाकरी आणि आजोबांच्या अंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच. ती चूल सासूबाईंनी घातलेली, बारा माणसांच्या घराला पुरेल अशी: रुंद तोंड, खोल पोट, शेजारी वैल. आता खाणारे दोघे. एवढ्या मोठ्या पोटात चार काटक्यांचा जाळ तापत नाही. लाकूड पेटण्याऐवजी धुमसते आणि घर धुराने भरते. लहान तवा ठेवला की आच बाजूंनी निसटते, मोकळ्या वैलातूनही जाते. मग आजी आणखी लाकूड सारीत, तेही ओलसर. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. ओल्या लाकडात तिचा वाटा आधी आतले पाणी उडवण्यातच जातो.

घरातील धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा गॅस परवडत असेल तर सर्वच त्यावर करावे, हे माझे पहिले मत. पण आजी ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत.

म्हणून मापाचा विचार केला. चुलीचे माप रोजच्या भांड्यावरून ठरवावे, सणावारच्या पातेल्यावरून नव्हे. भांड्याने तोंड पूर्ण झाकावे, खाली जाळ खेळण्यापुरती बोटभर फट राहावी. लाकडे अंगठ्याएवढी, सुकी, थोडीथोडी. राख रोज काढावी, म्हणजे खालून वारा मिळतो. फार लहान चूलही घातकच. तिच्यात कोंबलेली लाकडे गुदमरतात, वर पाण्याचे जड भांडे डळमळते, आणि वृद्धांची भाजलेली पावले मी पुष्कळ पाहिली आहेत. गुडघे दुखत असतील तर चूल ओट्यावर घ्यावी, पदर खोचावा. धुराडे असल्यास त्यातली काजळी वरचेवर काढावी. आणि थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्या विषारी वायूला वासही नसतो.

शेजारच्या बाईंनी पडवीत नवी चूल घालून दिली. आजींनी ती न्याहाळली.

“डॉक्टरबाई, एवढीशी? पाहुणे आले तर?”

“पाहुणे आले तर गॅस पेटवा, आजी.”

यंदा जळण कमी लागले, डोळ्यांची आग थांबली. धाप मात्र आहेच. गेलेले फुप्फुस परत येत नाही, इनहेलर सुरू आहे. जुनी चूल सारवून ठेवली आहे. गौरी-गणपतीत ती एकदा पेटली, असे आजोबांनी मला हळूच सांगितले.