बागेत भेटलेला कोतवाल

मंडळी, आपला शेतकरी माणूस पुण्याला जातो तो माल घेऊन बाजार समितीत, नाही तर दवाखान्याच्या कामाला. पाखरे पाहायला पुण्याला जा, असे कुणी म्हटले तर आपण हसू. मीही हसलोच होतो.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. कामासाठी पुण्याला गेलो आणि पुतण्याकडे उतरलो. हा पोरगा कंपनीत नोकरीला, पण सुटीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा. म्हणाला, "काका, उद्या एम्प्रेस गार्डनला चला. थंडीचे पाहुणे यायला लागलेत."

रेसकोर्सजवळची ही बाग ३९ एकरांची. ती चालवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची, म्हणजे शेती आणि फळबागांसाठीच निघालेली. जानेवारीतले तिथले पुष्पप्रदर्शन मी पूर्वी पाहिले होते, पण तेव्हा नजर कुंड्यांवर होती. वर मान करून कधी पाहिलेच नव्हते.

तिकीट काढून आत शिरलो आणि रस्त्यावरची घरघर मागे पडली. जुनी थोराड झाडे आणि त्यांवर चढलेल्या दोरखंडासारख्या जाड वेली. पाऊस सरल्यामुळे पाने धुतल्यासारखी स्वच्छ. कुठेतरी तांबट एका लयीत टुक् टुक् करीत होता. उंबराच्या फळांवर राखी धनेशाची जोडी आली होती. एवढी लांब चोच, पण फळ कसे अलगद उचलून गिळत होती! पाण्याच्या कडेला करडा धोबी शेपटी वरखाली करीत किडे टिपत होता. पुतण्या म्हणाला, हा उन्हाळ्यात हिमालयाकडच्या डोंगराळ भागात असतो आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे उतरतो. हाताच्या बोटाएवढे पाखरू, पण वाट चुकत नाही.

मग हिरवळीच्या कडेला एका वाळक्या फांदीवर काळा कुळकुळीत कोतवाल दिसला. शेपटी दुभंगलेली, नजर खाली गवतावर. एकदम झेप घेतली, काहीतरी उचलले आणि पुन्हा त्याच फांदीवर. पाच मिनिटांत सहा वेळा मी मोजले.

पुतण्याने सहज विचारले, "काका, गावाकडे तर हे ढिगाने असतील ना?"

मला उत्तर देता येईना. मला एक म्हातारबाबा आठवले.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे, १९९५-९६ ची. एका गावात हरभऱ्याचे प्रात्यक्षिक घेतले होते. बाबांनी हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीची ताटे राखली होती. मी नवा पदवीधर. म्हणालो, "बाबा, ही भेसळ उपटून टाका. प्लॉट स्वच्छ दिसला पाहिजे." बाबा म्हणाले, "सायेब, त्याच्यावर कोतवाल बसतो. आळी तोच वेचतो." मी हसलो. ताटे उपटली आणि घाटेअळीसाठी एन्डोसल्फानच्या फवारण्या लिहून दिल्या. तेव्हाची शिफारसच तशी होती. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. आणि हरभऱ्यात ज्वारी टाका, पाखरांना बसायला जागा होते, हे मीच आता सभांतून सांगतो. पण "बाबा, तुमचे बरोबर होते," असे सांगायला मी त्यांच्या बांधावर गेलो नाही. आता ते नाहीत.

बांधावरच्या बाभळी तुटल्या, फवारे वाढले, किडा मेला. मग पाखराने बसावे कुठे आणि खावे काय? शहरातल्या ३९ एकरांत जे टिकले, ते आपल्या शेकडो एकरांच्या शिवारात शोधावे लागते, याची मला त्या फांदीखाली उभे राहून लाज वाटली.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते तेव्हा तीन गोष्टी करा. बियाण्यात एकरी मूठभर ज्वारीचे बी मिसळा. ते जमले नाही तर दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून पिकाच्या वर फूटभर राहतील असे एकरी १५-२० पक्षीथांबे रोवा. खर्च सुतळीचा तेवढा. आणि दिसली अळी की मार फवारा, असे करू नका. आधी ओळीत बसून मोजा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडू लागल्या तरच फवारणीचा विचार करा, आणि सुरुवात निंबोळी अर्काने करा. पाखरे आली म्हणजे औषध अजिबात लागणार नाही, असे मी म्हणत नाही. पण बिनपगारी गडी दारात उभा असताना त्याला हाकलू नये.

पुण्याहून परतलो आणि पहिल्याच आठवड्यात त्या बाबांच्या थोरल्या मुलाकडे गेलो. सगळी हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आत जाऊन सुपात ज्वारी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, पहिली मूठ तुम्हीच टाका."