पागोळ्या

निवृत्तीनंतर माणसाने एखादे अवघड काम हाती घ्यावे, असे शाळेतील निरोपसमारंभात मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली आणि अंगणात उभी असलेली आमची जुनी गाडी आसनांपर्यंत भिजली, तेव्हा ते काम समोर येऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी ईस्टर होताच, जेथे बाबांची बैलगाडी सुटत असे त्या जागी, अठरा फूट लांब व दहा फूट रुंद असे गॅरेज स्वतः बांधण्याचे मी ठरविले. परवानगीच्या कागदांविषयी न लिहिलेलेच बरे.

शुभवर्तमानात येशूला ‘सुतार’ म्हटले आहे. त्यामागील ‘टेक्टोन’ हा ग्रीक शब्द बांधकाम करणाऱ्यालाही लागू पडतो. गवंडीकामाचे माझे ज्ञान एवढेच! दोरीवर एका बाजूस ६ फूट, दुसऱ्या बाजूस ८ फूट मोजावेत आणि त्या खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरले, तरच कोपरा काटकोनात आला असे समजावे. आयुष्यभर फळ्यावर शिकविलेला पायथागोरस असा पायाच्या मातीत भेटला. विटा मात्र मी कोरड्याच लावल्या. त्यांनी मालातले पाणी शोषून घेतले आणि आठवड्याने सांधे अंगठ्याने उकरू लागले. तीन थर उतरवावे लागले. नंतर विटा पिंपात बुडवून ठेवण्याचा नेम मी कधी मोडला नाही.

जोत्याची पातळी काढण्यासाठी गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतात. दोन टोके दोन कोपऱ्यांवर धरली, की दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर थांबते. पण त्याला दोन माणसे लागतात. मी एक टोक खुंटीला बांधून धडपडत होतो. कुंपणापलीकडे धाकटा भाऊ केळींना पाणी देत होता. वाटणीनंतर आमच्या ओटीच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडतात, यावरून जो अबोला धरला गेला त्याला अकरा वर्षे झाली होती. एकाच चर्चमध्ये आम्ही वेगवेगळ्या मिस्सांना जात असू.

“दादा, नळीत हवा राहिली आहे,” तो म्हणाला.

तो आला, बुडबुडा काढला आणि दुसरे टोक धरून उभा राहिला. बोलणे झाले ते एवढेच.

त्या रात्री मी नकाशा पुन्हा पाहिला. छपराचा उतार त्याच्या बाजूस काढलेला होता. तिकडची भिंत बुटकी ठेवली की खर्च वाचतो, असा माझा हिशेब. खरेच तेवढाच हिशेब होता का, हे मी स्वतःला विचारले नव्हते. ती भिंत दोन फूट उंच घेतली. विटांचे सहा-सात थर वाढले आणि उतार माझ्या जास्वंदीकडे वळला.

नव्या भिंतीला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. तिची बाहेरची बाजू त्याच्या अंगणातूनच भिजविता येते. मी विचारायला जाण्यापूर्वीच सकाळी पलीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला.

जूनच्या पहिल्या सरीला आम्ही दोघे आत उभे होतो. पागोळ्या जास्वंदीवर पडत होत्या आणि गाडीच्या टपावरही दोन ठिकाणी थेंब ठिबकत होते. त्याने मान वर केली.

“दादा, हुकाची भोके पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायची असतात. तू दोन खळग्यात पाडलीस.”

मी डांबराचा डबा शोधू लागलो.